हुकाला हार

लालबागच्या धाकोजी चाळीच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. मोबाइल वर धरलेले, पोरं खांद्यांवर बसलेली. अंगणाच्या मधोमध पांढरी चादर होती आणि तिच्यावर घराघरांतून आणलेले तांबे, घंटा, ताम्हनं, समया. चादरीपलीकडे पाटावर ताम्रनाथ महाराज बसले होते. वय चाळिशीचं, दाढी नीट कातरलेली, गळ्यात तांब्याच्या पट्ट्यांची माळ.

"माणूस खोटं बोलतो," महाराज म्हणाले. "तांबं बोलत नाही, पितळ बोलत नाही. ज्या घरात करणी, त्या घरचा धातू रक्त ओकतो. मी काही करत नाही. मी फक्त पुसतो."

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं.

महाराजांना बोलावलं होतं राजेशने. राजेश चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा अध्यक्ष. गेल्या वर्षी मूर्ती हलवताना गणपतीचा हात दुखावला आणि त्यानंतर चाळीतले दोघे गेले. एकाला वीस वर्षांचा मधुमेह होता, दुसरा हेल्मेट न घालता बाइक चालवत होता. कारणं डॉक्टरांनी लिहून दिली होती. चाळीला ती पुरली नाहीत.

महाराजांनी वस्तूंवर कुंकवाचं तीर्थ शिंपडलं. तीर्थ लालभडक आणि तेलकट होतं. मग गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवी महामाये! ह्या चाळीत जो कोण वाकड्या नजरेचा आसात, तेका आज उघड्यार हाड गे!"

"व्हय म्हाराजा!" तिन्ही मजले गरजले.

गाऱ्हाणं संपता संपेना. चाळीच्या पाण्यापासून पोरांच्या परीक्षांपर्यंत सगळं देवीच्या कानावर घालून झालं, तेव्हा महाराजांनी एक फडकं घेतलं, त्यावर बाटलीतलं दुसरं तीर्थ ओतलं आणि एकेक वस्तू लखलखीत पुसली. वस्तू पुसायला एक पोरगा पुढे आला आणि त्याने बाटली थेट घंटेवर धरली, तेव्हा महाराज खेकसले, "फडक्यावर! वस्तूवर नाही! देवीचा कोप होईल!"

मग त्यांनी सगळ्यांना बोट फिरवून बघायला लावलं. बोटाला लाल काही लागलं नाही. शेवटी महाराजांनी विभूतीचं पातळ पाणी फवारलं. ते क्षणात वाळलं आणि वस्तूंवर पांढरा थर बसला.

एका समईच्या दांड्यावर, पांढऱ्या थरातून, बारीक लाल रेघ वर आली. रेघ जाड होत गेली आणि पसरली.

"रगत!" कुणीतरी किंचाळलं.

समई सुभद्राबाईंची होती. देवगडकडच्या, नवरा गिरणीत होता, तो जाऊन पंधरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चाळीतल्या निम्म्या बाळंतिणींना त्यांनी तेल लावलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईची समई आसा ती."

"आईपासूनच आलंय मग," महाराज म्हणाले. लोक हसले. ज्या बायकांना त्यांनी तेल लावलं होतं, त्याही हसल्या.

मुख्य गोष्ट अजून पुढेच होती. मूर्ती सिंहासनावर चढवायला मंडळाची चेन-कप्पी असते. तिचा मोठा लोखंडी हुक महाराजांनी मागवला. "रंगाखाली देवी गुदमरते. खरवडा." पोरांनी हुक घासून उघडा केला. पुन्हा तीर्थ, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा फडकं, पुन्हा विभूती. हुक जिथे वळतो, तिथे आतल्या बाजूने लाल रेघ उमटली. समईच्या रेघेपेक्षा ती लांब होती आणि सरळ होती.

महाराज तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नजर इथपर्यंत पोचली आहे. बाई गणपती बसायच्या आत चाळीबाहेर. समई काळ्या फडक्यात बांधून गटाराकाठी. हुकाला शेंदूर आणि हार. मग बाप्पा सुखरूप चढतील."

आठवड्यात सुभद्राबाईंचा नळ बंद झाला, दाराशी लिंबं पडू लागली. शनिवारी त्या शीवला भाच्याकडे गेल्या. सामान टेम्पोत चढवायला कुणी खाली उतरलं नाही. राजेशने हुकाला स्वतःच्या हाताने शेंदूर फासला. रेघ शेंदराखाली गेली.

चादरीवर एकाच घराने काही ठेवलं नव्हतं. तळमजल्यावरच्या बकुळाबाई, निवृत्त नर्स. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. "आमच्याकडे देवघर नाही," त्यांनी राजेशला सांगितलं होतं, "आणि कुकर मला संध्याकाळी लागतो." गटाराकाठची समई त्यांनीच उचलून आणली आणि मुलगी घरी आली तेव्हा तिच्यासमोर ठेवली.

मुलगी अक्षता माझगावच्या एका धातू-तपासणी प्रयोगशाळेत काम करते. धातूचे तुकडे घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंवरून आत काय बिघडलंय ते संगणकावर मोजायचं, हे तिचं रोजचं काम. आईने समईचं सगळं सांगितलं. "फडक्यावर, वस्तूवर नाही" हे ऐकून अक्षता हसत सुटली.

"अगं आई, ही डीपी टेस्ट आहे, धातूतली भेग शोधायची! लाल रंग भेगेत मुरू द्यायचा, वरचा पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. पावडर आतला रंग शोषून वर खेचते. डॉकयार्डात रोज करतात. हा माणूस इन्स्पेक्टर होता कुठेतरी."

"मग हुकाचं पण तसंच?"

अक्षताचं हसू थांबलं. "हुकाला पण रेघ आली?"

"वळतो तिथे. आतून."

चपला घालून ती तशीच राजेशच्या दारात गेली.

"राजेशदादा, तो हुक उतरवा. त्याला तडा गेलाय. बुवा खोटा आहे, पण रेघ खरी आहे."

"म्हणजे काय? खोटा पण आणि खरा पण?"

"रेघ काय आहे ते त्याला माहीत आहे. तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे. मला हुक एक दिवस द्या."

"शेंदूर लागलाय त्याला. उतरवायचा नसतो."

"मग नवीन आणा."

"हे बघ अक्षता," राजेश म्हणाला, "तुमच्यात देव मानत नाहीत. मानू नका. आमच्या गणपतीत डोकं घालू नकोस."

आतून त्याचा धाकटा भाऊ विकास ऐकत होता. तो बाहेर आला, म्हणाला, "दादा, बघू दे ना तिला. काय जातं?" राजेशने त्याच्याकडे नुसतं बघितलं. विकास आत गेला. अक्षताने पोलीस चौकीत अर्ज दिला. तिथे तिला सांगण्यात आलं की उत्सवाचे दिवस आहेत, मंडळाशी सामोपचाराने घ्या.

मूर्ती चढवायच्या दिवशी ढोल वाजत होते. मूर्ती जमिनीपासून उचलली गेली, छातीएवढी वर आली. विकास खाली होता, पाट सरळ करत. हुक वळतो तिथे तुटला. मूर्ती फुटल्याचा आवाज ढोलांत कुणाला ऐकू गेला नाही, म्हणून ढोल थोडा वेळ वाजतच राहिले.

विकास दोन दिवस जगला. लग्नाला आठ महिने झाले होते.

यानंतर चाळीने काय केलं असेल? महाराजांना पुन्हा बोलावलं.

विकासचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तीच चादर, तोच पाट, तीच गर्दी. या वेळी गॅलऱ्यांत कुजबुज वेगळी होती. एवढं सगळं करूनही झालं, म्हणजे चाळीत आणखी कुणी आहे. नवीन कोण आलं चाळीत? नजरा विकासच्या बायकोकडे, प्रितीकडे वळल्या. चादरीवर या वेळी एकच वस्तू होती, माहेरून तिच्याबरोबर आलेली पितळी कळशी. जुनी, ओतीव, तळाशी काळवंडलेली. महाराजांनी ती आदल्या दिवशी 'दर्शनाला' मागवून नीट न्याहाळली होती.

प्रिती भिंतीला टेकून बसली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. सगळे तिच्याविषयी बोलत होते.

तीर्थ शिंपडलं गेलं. गाऱ्हाणं झालं. महाराजांनी फडक्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात गर्दीतून अक्षता पुढे आली. तिने पाटाजवळची, पुसायच्या तीर्थाची बाटली उचलली.

"महाराज, आज सेवा मी करते."

"ठेव ती! बाजूला हो!"

"पुसायचंच आहे ना?" म्हणत तिने बाटली कळशीवर उपडी केली. लाल ओघळ चादरीवर वाहू लागले. ती चोळून चोळून ओततच राहिली.

महाराज पाटावरून उठले. तोंडातून जे आलं ते बुवाचं नव्हतं. ते वर्षानुवर्षं हाताखालच्या पोरांवर ओरडलेल्या माणसाचं होतं.

"अगं थेट मारू नकोस! भेगेतला रंग धुऊन जाईल!"

अक्षताने बाटली खाली ठेवली.

"काय म्हणालात?" अक्षताने विचारलं. "भेगेतला काय?"

महाराजांनी बाटली उचलायला हात पुढे केला.

"रंग म्हणाला तो," वरच्या गॅलरीतून एक म्हातारी म्हणाली. "रगत नाय म्हणाला. रंग म्हणाला. मी आयकलंय."

अक्षताने महाराजांच्याच विभूतीचं पाणी कळशीवर फवारलं. थर पांढरा झाला आणि पांढराच राहिला. मग तिने पिशवीतून स्प्रेचे तीन डबे काढले, महाराजांच्या गळ्यातली तांब्याची माळ मागितली. ते देईनात, तेव्हा दोन पोरांनी ती काढून दिली. लाल डबा. थांबणं. या वेळी गाऱ्हाणं कुणी घातलं नाही. फडकं. पांढरा डबा. माळेच्या प्रत्येक सांध्यातून लाल रेघ आली.

"आता महाराजांच्या घरात करणी कुणाची?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. सुभद्राबाईंना हसले होते, तेच.

"हसू नका," अक्षता म्हणाली. "अजून संपलं नाही."

मंडळाच्या मोठ्या पडद्याला तिने लॅपटॉप जोडला. पहिला फोटो सुभद्राबाईंच्या समईचा, कितीतरी पट मोठा केलेला. चिरेच्या काठाने गोल गोल पोकळ्या दिसत होत्या, पावाच्या स्लाइसमध्ये दिसतात तशा. "ही समई ओतली, तेव्हा आत अडकलेल्या हवेच्या या पोकळ्या. चीर त्याच दिवसाची. तेव्हा ही चाळ तरी होती का?"

दुसरा फोटो तुटलेल्या हुकाचा. तुकडा पोलिसांनी तपासायला तिच्याच प्रयोगशाळेत पाठवला होता आणि अहवाल त्यांच्याकडे गेला होता. तुटलेल्या तोंडाचा एक भाग गंजून काळा, दुसरा चकचकीत करडा. संगणकाने काळा भाग निळ्या रंगात रंगवून मोजला होता.

"चकचकीत भाग त्या दिवशी तुटला. गंजलेला त्याच्या कितीतरी आधी. हा निळा भाग निम्म्याहून जास्त आहे. तुम्ही हार घातलात तेव्हा हुक अर्धा तुटलेलाच होता."

मग ती महाराजांकडे वळली. "नाव काय तुझं?"

मागून एक जण म्हणाला, "हितेंद्र. दाढीत ओळखलाच नव्हता. डॉकमध्ये कंत्राटदाराकडे होता आमच्याबरोबर. खोट्या सह्या केल्या म्हणून काढला."

"हितेंद्र, समईचं सोड. हुकावर रेघ आली, तेव्हा तू थांबून बघत राहिलास. आई म्हणते, सगळ्यांनी पाहिलं. रेघ कसली आहे हे त्या अंगणात एकट्या तुला कळलं होतं. हो की नाही?"

हितेंद्रने खांदे उडवले. मग म्हणाला, "मी सांगितलं होतं, हुकावर नजर आहे. आता त्यांनी उचलला, त्याला मी काय करू?"

त्याला मारायला धावलेल्यांत राजेश पहिला होता. पण तो हितेंद्रपर्यंत पोचला नाही. प्रिती भिंतीपासून उठून मध्ये उभी होती. दोन आठवड्यांत ती पहिल्यांदा बोलली.

"दादा, अक्षता आपल्या घरी आली होती. हुक काढा म्हणून. तुम्ही काय म्हणालात तिला?"

राजेशने वर उगारलेला हात खाली घेतला. तिन्ही मजले ऐकत होते.

"हे मध्ये म्हणाले होते, बघू दे ना तिला," प्रिती म्हणाली. "मी आतच होते."

पोलिसांनी हितेंद्रवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. पाठोपाठ चाळीतले पाचजण शीवला गेले, सुभद्राबाईंना परत आणायला. राजेश त्यांत होता. बकुळाबाईंनी घासून लख्ख केलेली समई बरोबर होती. सुभद्राबाईंनी पाणी दिलं. समई हातात घेतली, अंगठ्याने चीर चाचपली.

"माझ्या समयेक चीर होती म्हणान तुमी माका भायर काढलास," त्या म्हणाल्या. "हुकाक चीर होती, तेका हार घातलास."

त्या परत आल्या नाहीत.

स्प्रेचे ते डबे मिळतात कुठे, असं आता चाळीतली पोरं अक्षताला विचारतात. विचारावं. पण त्याहून सोपी गोष्ट आहे, तिला डबाही लागत नाही. कुठल्याही वस्तूवर रेघ दिसली, की ही कुणामुळे आली असं विचारू नका. ही काय आहे, असं विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून कायम कुणीतरी एकटी बाई सापडते आणि वस्तू जागच्या जागी लटकत राहते. दुसरा प्रश्न विचारणारी राजेशच्या दारात उभी होती, आणि हुक बदलायला एक दुपार पुरली असती.