गच्चीवरची लाल खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी प्लॅस्टिकची खुर्ची आहे. खरं सांगायचं तर आता नुसते तुकडेच उरले आहेत. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. "हिला मरण नाही," असे म्हणून दुकानदाराने मला एका रंगाऱ्याच्या गळ्यात मारले.

रंगाऱ्याने मला आपल्या आईसाठी गच्चीवर ठेवले. आजी रोज सकाळी उन्हाला बसायच्या. बसताना "आई गं" म्हणायच्या आणि उठताना माझ्या हातावर थोपटायच्या. त्या थोपटण्याची मी दिवसभर वाट पाहायचे.

आजींच्या गुडघ्यांना जे ऊन औषध होते, तेच माझ्यासाठी विष होते. आजी खाली जायच्या, मी मात्र संध्याकाळपर्यंत तापत राहायचे. रात्री गारठ्याने अंग आखडायचे. जिन्याची सावली दोन पावलांवर होती, पण तिथे मला कोणी सरकवले नाही. आठ वर्षांत मी फिकट गुलाबी झाले. अंगावर पांढरी पूड सुटली आणि मागच्या पायाला केसाएवढी भेग पडली.

सूनबाईंच्या ते लक्षात आले. "अहो, हाताला पूड लागतेय. टाकून द्या ही, आई पडतील."

"अगं, काही होत नाही. दोन हात मारले की नवीकोरी दिसेल."

आयुष्यभर रंगाऱ्याने भिंतींच्या भेगा अशाच बुजवल्या होत्या. त्याने माझी पूड घासली, भेगेत लांबी, म्हणजे भिंतीला लावायची पुट्टी, भरली आणि वर लाल रंगाचे दोन हात मारले. आजी हरखल्या. "माझ्या लेकाच्या हातात जादू आहे!"

मला ओरडावेसे वाटत होते, पण खुर्चीला तोंड कुठले? दुसऱ्या सकाळी आजी "आई गं" म्हणत टेकल्या आणि माझा पाय काडीसारखा तुटला. आजींचा खुबा मोडला.

रंगाऱ्याने तो तुटका पाय हातात घेतला. आत त्याचीच लांबी दिसत होती. तो तिथेच खाली बसून रडला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना उन्हातून सावलीत सरकवा. बोटाला पांढरी पूड लागली तर आमच्यावर कोणाला बसू देऊ नका, आणि रंगाला तर मुळीच भुलू नका.

आजी आता अंथरुणातून उठत नाहीत. परवा त्यांनी लेकाला विचारले, "माझी खुर्ची उन्हात नाही ना रे राहिली? रंग उडेल तिचा."

"नाही आई," तो म्हणाला, "सावलीत ठेवलीय."