गोणपाटाखालचा क्रेट

अंगणवाडीच्या अर्चनाताईंनी तीनतीनदा बजावलं होतं, "सोमवारी पालघरहून दीपिका मॅडम येतील. घर जसं हाय तसंच राहू द्या." पण सांगणारा असं सांगतोच, म्हणून कोणी घर तसं ठेवतं का? बेटेगावच्या बळवंतच्या घरात रविवारी भिंतीसुद्धा पुसून झाल्या.

दोन वर्षांची नात स्वरा अजून आपली आपण उभी राहत नव्हती. तिला व्यायाम शिकवायला मॅडम आता दर आठवड्याला येणार होत्या. मुलगा-सून तारापूरला कंपनीत, त्यामुळे स्वरा दिवसभर आजोबांकडे, चिकूच्या वाडीत. आणि तिथेच तर गोम होती. बळवंत तिला रिकाम्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभी करायचा. ती काठ धरून राहायची, तो शेजारी बसून चिकू निवडायचा. मॅडमला हे कळलं आणि "म्हाताऱ्याकडे पोर ठेवू नका" म्हणाल्या, तर? पोरीवाचून त्या वाडीत त्याला करमलं नसतं. त्याने क्रेट गोठ्यामागे गोणपाटाखाली दडवला.

सोमवारी अर्चनाताई मॅडमना घेऊन आल्या तेव्हा स्वरा नव्या गादीवर, दिवाळीच्या झालरीच्या फ्रॉकमध्ये बसली होती. मॅडमनी खुळखुळा वाजवला, काखेत हात घालून तिला उभं केलं. स्वराने पाय मुडपले. पुन्हा केलं, पुन्हा मुडपले.

"आधारानेही उभी राहत नाही," म्हणत मॅडम लिहू लागल्या. रजा काढून बसलेली सून, रूपल, खाली बघत राहिली.

गप्प बसलं तर क्रेट झाकलेला राहत होता, पण पोरीच्या नावावर खोटं लागत होतं.

"उबी ऱ्हाते ती," बळवंत म्हणाला, आणि चोरासारखं तोंड करून क्रेट घेऊन आला. तो दिसताच स्वराने दोन्ही हात पसरले. आत ठेवल्यावर तिने काठ धरला, गुडघे ताठ केले आणि चिकूची वाट बघू लागली.

मॅडम क्रेटजवळ येऊन उकिडव्या बसल्या. "किती वेळ राहते?"

"दोन करंडे निवडून होतात तवर. मधीमधी एकेक चिकू देतो हातात. दिवाळीत अर्धा करंडाबी नाय होत होता."

मॅडमनी आधीची ओळ खोडली. "आजोबा, मी हेच शिकवायला आले होते. फक्त क्रेट कशाला तरी घट्ट टेकवा, आणि चिकू जरा लांब धरा. तिला हात पुढे करू दे."

"मंग उद्या वाडीत नेली तर चालंल?"

"न्यायचीच. पुढच्या सोमवारी मीही वाडीतच येते."

"तरी म्हटलं होतं, घर हाय तसं ठेवा," अर्चनाताई पुटपुटल्या. बळवंत लहान पोरासारखा हसला.

"बाबा, मला का नाय सांगितलंत?" रूपलचे डोळे भरले होते.

"तू वरडशील म्हणून."

त्याने खिशातून एक चिकू काढला, तो सुनेच्या हातात ठेवला आणि आपण बाजूला सरला. "तू दे आज. जरा लांब धर."

रूपलने धरला. स्वराने एक हात काठावरून सोडला आणि उभ्यानेच आईच्या हातातला चिकू घेतला.