डाळबाबांची नाचरी मसूर

"नाचली! मसूर नाचली!"

अनिलकुमारच्या किराणा दुकानासमोर एकच गलका उठला. डाळबाबांनी चांदीच्या झारीतून काचेच्या बरणीत पाणी ओतलं होतं. त्यात मसुरीचे दाणे वर येत, गिरकी घेत आणि पुन्हा तळाशी जात.

"हे बुडबुडे म्हणजे देवीचा श्वास!" बाबा गरजले. "शुद्ध डाळ नाचणार, विषारी डाळ निजणार!"

मग त्यांनी समोरच्या पीरसाबच्या दुकानातली मसूर दुसऱ्या बरणीत टाकली, तांब्याच्या झारीतलं पाणी ओतलं. दाणे तळाशी गेले ते गेलेच. पीरसाबचा चेहरा उतरला. लोक पिशव्या घेऊन अनिलकुमारच्या दुकानाकडं वळले.

सावित्रम्मा मात्र जागची हलली नाही. शाळेतल्या दोनशे पोरांची आमटी तिच्या हातची. सकाळी अनिलकुमारकडून आलेलं पोतं उघडताच तिच्या नाकात कुबट वास शिरला होता. तळाच्या दाण्यांवर पांढुरकी बुरशी होती. ती पोत्यासकट तक्रार घेऊन आली, तर अनिलकुमारनं तेच दाणे बाबांपुढं केले. आणि तेच नाचले! क्षणभर तिला वाटलं, आपलंच नाक म्हातारं झालं की काय? पण चुकून पोरांच्या पोटात गेलं तर?

"बाबा, झारीतलं तीर्थ द्या की घोटभर."

"छे छे! सामान्य माणसाला ते सोसत नाही!"

"दोनशे पोरांचा गोंगाट सोसते मी. ह्ये बी सोसंल की!"

लोक हसले. तेवढ्यात तिनं चांदीची झारी उचलून तोंडाला लावली. जीभ चुरचुरली, नाकात झिणझिण्या आल्या आणि भर बाजारात तिला दणदणीत ढेकर आला.

"अगं बया! ह्यो तर सोडा हाय!"

गर्दीतून शाळेच्या विज्ञानाच्या फिरदोस मॅडम पुढं आल्या. रिकाम्या बरणीत त्यांनी चांदीच्या झारीतलं पाणी ओतलं, पीरसाबची मसूर टाकली. नाचली! दोन बेदाणे टाकले. तेही नाचले.

"बेदाण्याला बी देवी पावली!" कुणीतरी ओरडलं.

"सोड्यातल्या वायूचे बुडबुडे दाण्याला चिकटतात, त्याला वर नेतात," मॅडम म्हणाल्या. "वर बुडबुडा फुटतो, दाणा खाली जातो. तांब्याच्या झारीत साधं पाणी आहे. डाळ चांगली की वाईट, हे यातून कळतच नाही."

बाबांनी झाऱ्या तिथंच टाकून काढता पाय घेतला. अनिलकुमारनं मुकाट्यानं पोतं परत घेतलं.

"मग मावशी, डाळ वळखायची कशी?" एका बाईनं विचारलं.

"ताटात पसरून उजेडात बघ. भोकं, किडे, बुरशी दिसती का? वास घे. कुबट आला तर सरळ टाकून दे."

"बुरशीचं विष उकळूनही जाईलच असं नाही," मॅडमनी जोड दिली.

त्या दिवशी पोरांना पीरसाबच्या मसुरीची आमटी तासभर उशिरा मिळाली, पण पातेलं चाटूनपुसून साफ झालं. बाजारातून निघताना सावित्रम्मा गर्दीला एवढंच म्हणाली होती, "कुणी चमत्कार दावला, तर हात जोडायच्या आदी इचारा की, ह्यात घातलंय काय?"