काचेआडची चांदणी

मी चांदणीचा ठसा बोलतोय. पेरूच्या लाकडाचा, मुठीत मावेल एवढा. रहिमतपूरजवळच्या एका घराच्या ओसरीवर माझा जन्म झाला.

फौजी उदयसिंह सुट्टीवर आले होते. पटाशी घेऊन ते मला कोरत बसले होते. शेजारी त्यांची लेक क्रांती रंगांची पेटी उघडून वाट बघत होती.

"पप्पा, ही कुणासाठी?"

"माझा जोडीदार लालथांगा हाय न्हवं, मिझोरामचा? त्याचा नाताळ आलाय. त्यांच्यात घराला चांदणी लावत्यात. आपण त्याला कार्ड धाडू."

क्रांतीनं जाड कागद ओला करून त्यावर निळा रंग सोडला. रंग पसरत पसरत आभाळ झालं. ते वाळल्यावर तिनं मला दाट पांढरा रंग लावला आणि अलगद दाबलं. माझी पहिली चांदणी उगवली. उदयसिंह म्हणाले, "लय झ्याक!" मग दर डिसेंबरात आमचं कार्ड डोंगरापल्याड जाऊ लागलं.

एका हिवाळ्यात सीमेवर बर्फाचा कडा कोसळला. उदयसिंहांचा देह घेऊन लालथांगाच गावी आला. हाताला पट्ट्या, नजर जमिनीकडं. तो काही खाईना. उदयसिंहांच्या आईनं, शालूबाईंनी, भाकरीचा घास त्याच्या तोंडाशी नेला. "खा लेकरा. तूबी माझाच." त्याला मराठी कळत नव्हतं, पण त्यानं तोंड उघडलं.

पुन्हा डिसेंबर आला. क्रांतीच्या आईनं, राजेश्वरींनी, मला डब्यातून काढलं. क्रांती भडकली.

"वर्षभर सण न्हाई आपल्यात! आन् त्याला कशाला कार्ड? तो परत आला, आपलं माणूस न्हाई आलं!"

राजेश्वरींचा हात थांबला. "उघड्या हातानं बर्फ उकरला गं त्यानं. बोटं गेली त्याची. सण आपला न्हाई, त्याचा हाय."

त्यांनी मला कागदावर दाबलं. रंग जास्त झाला होता, चांदणी फिसकटली. त्या तशाच रडत बसल्या. क्रांती बराच वेळ दारात उभी होती. मग तिनं नवा कागद घेतला, ओला केला आणि आईला चिकटून बसली.

नाताळच्या दिवशी लालथांगाचा फोन आला. "माँ पूछती है, तारा किसने बनाया?"

"पप्पांनी," क्रांती म्हणाली. ते गेल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून आला नव्हता.

आता क्रांती सांगलीला नर्सिंग शिकते. तिचे आजोबा हंबीरराव यांनी काचेचं कपाट करून घेतलं. त्यात लेकाचा फोटो, टोपी, पदकं आणि मी. "रंगात भिजून कुजंल. पोराच्या हातची वस्तू हाय," असं म्हणून त्यांनी कुलूप लावलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून क्रांतीला किल्ली मागता आली नाही.

पाहुणे येतात, हात जोडतात. माझ्या खाचांतला रंग वाळून तडकला आहे. गेल्या नाताळात कार्ड गेलं नाही. यंदाचाही डिसेंबर निम्मा सरला.

शालूबाई, तुमीच सांगा की हंबीररावांना. कुलूप काढा, क्रांतीला बोलवा. तिकडं डोंगरात लालथांगाची म्हातारी आई दारात बसून पोस्टमनची वाट बघत असेल.