शून्य उंचीचे खांब

सासू आणि जावई यांनी एका ऑफिसात काम करू नये, असा कुठे कायदा नाही. असायला हवा होता, असं जावयाचं मत होतं. पण कायदे करायचं खातं त्याच्याकडे नव्हतं. त्याच्याकडे लोखंडी इमारतींच्या तुळया आणि खांब ठरवायचं काम होतं, आणि ते तपासायचं काम सासूबाईंकडे. घरी त्या 'आई', ऑफिसात 'मॅडम', आणि पाठ वळली की सगळ्यांच्याच तोंडी 'ओळंबा'.

त्या दिवशी एका गोदामातल्या पोटमाळ्याचे बारा खांब त्यांच्यापुढे आले. वर पॅकिंगचं काम करणारी माणसं बसणार, खाली ट्रक उभे राहणार. जावयाने त्यासाठी कॉम्प्युटरवर स्वतः एक्सेलचं शीट बनवलं होतं. खांब तगणारा असला की ओळ हिरवी, नसला की लाल. बाराही ओळी इतक्या हिरव्यागार होत्या की म्हैस सोडली असती तर चरायला लागली असती.

एक गोष्ट मात्र त्याने मॅडमना सांगितली नव्हती. सहीशिवाय लोखंड कापायचं नाही, हा ऑफिसचा नियम. याने सकाळीच फॅब्रिकेटरला 'घ्या कापायला' म्हणून कळवून टाकलं होतं. सही काय, घरचीच.

तुळयांचं शीट बाईंनी बघून बाजूला ठेवलं. मग खांबांचं उघडलं.

"पहिला खांब मी हाताने सोडवून पाहिलाय मॅडम. तंतोतंत जुळतो."

"आणि बाकीचे?"

"तोच फॉर्म्युला खाली ओढलाय. शितावरून भाताची परीक्षा."

"भात कच्चा राहिला तर माणूस उपाशी उठतो," बाई म्हणाल्या. "खांब कच्चा राहिला तर उठतच नाही."

बाईंची एक सवय होती. कुठलंही शीट हाती आलं की त्या आधी ते नापास करून बघत. जो कधी 'नाही' म्हणत नाही त्याच्या 'हो'ला काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. लेकीसाठी स्थळं बघतानाही त्यांनी हेच केलं होतं, आणि जावई तेव्हा कसाबसा पास झाला होता.

सगळ्या खांबांची उंची एकच होती, पाच मीटर. बाईंनी त्या जागी पन्नास लिहिलं.

पहिली ओळ लाल झाली. उरलेल्या अकरा हिरव्याच राहिल्या.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "पन्नास मीटरचे खांब, आणि वाकायचं नाव नाही."

जावयाने दुसऱ्या ओळीचा फॉर्म्युला उघडला आणि त्याचा चेहरा उतरला. उंचीचा सेल एकच, पण फॉर्म्युल्यात तो बांधून ठेवायचं डॉलरचं चिन्ह त्याने घातलंच नव्हतं. फॉर्म्युला एकेक ओळ खाली ओढला, तसा तो उंचीही एकेक घर खाली शोधत गेला. खाली सगळी घरं रिकामी. रिकामं म्हणजे शून्य. आणि शून्य उंचीचा खांब वाकणार कुठून?

त्याने चिन्ह घातलं, उंची पुन्हा पाच केली. चार ओळी लाल झाल्या, त्यात दुसराही खांब होता.

"बदला सेक्शन, जाड घ्या. घाई नाही," बाई म्हणाल्या. "अजून कापायला कुठे गेलंय."

जावयाने नजर शीटवरून हलवली नाही. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"गेलंय?"

"सकाळीच सांगितलं, आई."

ऑफिसात 'आई' म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. बाईंच्या आलं. त्यांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. "माझ्यासमोर करा."

फॅब्रिकेटरने मशीन थांबवलं. "दोन कापून झालेत साहेब. पहिला आणि दुसरा."

"पहिला चालेल. दुसरा बाजूला ठेवा."

"बाजूला म्हणजे कुठे? तुमच्या दिवाणखान्यात पाठवू?" मग फॅब्रिकेटरच जरा नरमला. "बरं, राहू दे. पण यापुढे मॅडमचा फोन आल्याशिवाय मी करवत उचलणार नाही. राग मानू नका."

जावयाने चारही खांब जाड केले आणि संध्याकाळी शीट पुन्हा पुढे ठेवलं. बाराही ओळी हिरव्या. त्या हिरव्याकडे न बघता बाईंनी उंची पन्नास केली. बाराच्या बारा खांब लालभडक होऊन नापास झाले, तेव्हा कुठे त्यांनी पेनाचं टोपण काढलं.