कंपनी फिटिंग

मानवजातीची प्रगती चाकाच्या शोधामुळे झाली असं शाळेत शिकवतात, ते अर्धवट आहे. खरी प्रगती झाली ती त्या चाकाला शोभेल असं झाकण बसवायचं माणसाला सुचलं तेव्हा. तोवर माणूस नुसताच इकडून तिकडे जात होता. हे मत तुळशीदासचं. त्याने ते मला ऐकवलं तेव्हा त्याच्या स्वतःच्या गाडीच्या एका चाकाला झाकण नव्हतं. ते जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या एका वळणावर निसटलं होतं. पुढे सापडलं, पण एका अंगणात कोंबड्या त्यातून पाणी पीत होत्या आणि घरची बाई ते द्यायला तयार नव्हती. कोंबड्यांना त्याची सवय झाली होती.

तुळशीदास जव्हारला माझ्या शेजारी राहतो. मोखाड्याला त्याचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी गाडी काढायची, घाट चढायचा-उतरायचा आणि दिवेलागणीला परत यायचं, हा त्याचा रोजचा क्रम. गाडी पांढरी, मागे ऐसपैस डिकी असलेली सेडान. पण बेस मॉडेल, म्हणजे कंपनीने त्या जातीत सगळ्यात साधं काढलेलं. बेस मॉडेल ओळखायचं ते डॅशबोर्डवरच्या मुक्या बटणांवरून. वरच्या मॉडेलला जिथे खरी बटणं असतात, तिथे याला नुसते प्लास्टिकचे चौकोन चिकटवलेले असतात. ते दाबले जात नाहीत, पेटत नाहीत, काही करत नाहीत. आपण काय घेतलं नाही हे मालकाला रोज आठवावं, एवढीच ती सोय.

तुळशीदासला त्याचं दुःख नव्हतं. ते त्याला साखरशेतला मिळालं, करिष्माच्या साखरपुड्यात.

करिष्मा ही त्याच्या थोरल्या बहिणीची, वेणूची मुलगी. वेणूचा धाकटा दीर कमलेश बोईसरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याच्याकडेही हीच गाडी, हाच रंग, पण टॉप मॉडेल. साखरपुड्याचं जेवण झाल्यावर कमलेशने बडीशेप चघळत तुळशीदासच्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग आत वाकून मुक्या बटणांवरून बोट फिरवलं आणि चारचौघांत म्हणाला, “मामा, बेस मॉडेल घेतलंत हे शहाणपणाचं केलंत. बिघडायला आत काही नसतंच.”

लोक हसले. तुळशीदासही हसला. मग कमलेशने जाहीर केलं की लग्नात नवरी सूर्यमाळला सासरी जाईल ती त्याच्या गाडीतून.

हे मात्र लागलं. वेणूच्या माहेरी पाठवणी मामा करतो. वेणू स्वतः मामाच्या बैलगाडीतून साखरशेतला आली होती आणि अर्ध्या वाटेत बैल बसला तरी तिला कोणी दुसऱ्या गाडीत घातलं नव्हतं. करिष्माला तुळशीदास एकुलता एक मामा. पण वेणूला दिराचं मन मोडवेना. तिने भावाला बाजूला घेऊन सांगितलं की राग धरू नको, फोटोत ती गाडी बरी दिसते म्हणतात. फोटोचं नाव निघाल्यावर माणूस काय बोलणार.

दुसऱ्या दिवसापासून तुळशीदास कामाला लागला. बेत सरळ होता. लग्नाच्या दिवशी आपली गाडी कमलेशच्या गाडीशेजारी उभी राहिली की हिच्यात काही कमी आहे असं कोणाला म्हणता येऊ नये. मग मामाचा मान मामाकडे आपोआप येईल.

जव्हारला गौतमचं गॅरेज आहे. गौतम काही वर्षं भिवंडीला काम करून आलेला. त्याचा हात मोठ्या कामांवर बसलेला: गाडीच्या पोटाखाली निळे दिवे, मागच्या काचेवर गरुड, आणि रिव्हर्स घेताना सगळ्या आळीला आरती ऐकवणारा हॉर्न. त्याला तुळशीदासने आपला नियम सांगितला. गाडी सजवायची नाही. कंपनीने वरच्या मॉडेलला जे दिलंय आणि आपल्याला द्यायचं राहून गेलंय, तेवढंच बसवायचं, आणि तेही असं की कारखान्यातूनच तसं आलं असावं.

“म्हणजे दिसायला नको?” गौतमने विचारलं.

“दिसायला नको.”

“मग करायचं कशाला, शेठ?”

तुळशीदासने दोन चहा सांगितले.

नाशिकला एकाकडे अपघातात सापडलेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तुळशीदास तिथे जाऊन एका टॉप मॉडेलच्या अवशेषांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि तिला जे आता लागणार नव्हतं ते सगळं घेऊन आला. झाकणांची कटकटच नसलेली अलॉयची चाकं आली. पुढच्या बंपरात खाली बसणारे, धुक्यात लावायचे फॉग लॅम्प आले. गाण्याचा आवाज कमीजास्त करायची बटणं असलेलं स्टिअरिंग आलं, इंडिकेटर लुकलुकणारे आरसे आले, मधे हात टेकायची सोय असलेली मागची सीट आली, आणि दुरून दाबली की दारं उघडणारी किल्ली. दारांच्या मुठी काळ्या होत्या, त्या गाडीच्या रंगाच्या करायच्या होत्या. पांढऱ्यात इतके प्रकार असतात हे रंगाऱ्यालाही तेव्हाच कळलं. एक पांढरा दुधावर जात होता, एक चुन्यावर. तुळशीदास उन्हात मूठ धरून दारापाशी डोळे बारीक करून बसायचा. प्रमिलावहिनी म्हणाल्या, मला बघायला आला होतात तेव्हा एवढं निरखलं नव्हतं.

शेवटी फॉग लॅम्पचं बटण बसवायचं राहिलं. गौतमने एक मुका चौकोन उचकटला आणि खरं बटण टिचकन जागेवर बसलं. तुळशीदासने ते दाबलं आणि भर दुपारी गॅरेजच्या भिंतीवर दोन पिवळट गोल पडले. गौतम सांगतो, शेठचे डोळे भरून आले. तुळशीदास सांगतो, पॉलिशचा वास उग्र होता.

गौतमने खुशीने टॉप मॉडेलचा डिकीवर लावायचा बिल्लाही आणला होता. तो मात्र तुळशीदासने परत केला. सोयी बसवणं वेगळं आणि खोटं नाव सांगणं वेगळं, असं तो म्हणाला.

काम इतकं चोख झालं की कोणाच्याही लक्षात आलं नाही. तालुक्याला नीट दिसावं म्हणून ज्याने हयात घालवली, त्याची गाडी तालुक्याला दिसेना. मलाही दिसलं नव्हतं, पण शेजारी असल्यामुळे मला एकेक वस्तू हात लावून दाखवण्यात आली. वेणू पत्रिका द्यायला जव्हारला आली तेव्हा तुळशीदास तिला मुद्दाम आपल्या गाडीपाशी घेऊन गेला आणि फॉग लॅम्पच्या बाजूला उभा राहिला. वेणूने गाडीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि म्हणाली, “धुतलीस वाटतं.”

त्याने सांगायला हवं होतं, असं आपल्याला वाटेल. पण जी गोष्ट कारखान्यातून तशीच आली आहे, ती कोणी सांगत फिरतं का? तो तत्त्वाचा माणूस. पाठवणी हातची गेली, असं मानून तो गप्प बसला.

लग्न मे महिन्यातलं. तुळशीदास केळीचे खांब आणि मला घेऊन सकाळीच साखरशेतला पोचला, त्यामुळे मांडवाशेजारच्या आंब्याची सावली त्याच्या गाडीला मिळाली. कमलेश उशिरा आला. त्याच्या गाडीवर बोईसरपासूनची धूळ होती आणि जागा उरली होती ती खाली खळ्यापाशी. गाडी लावून तो वर आला आणि करिष्माच्या मैत्रिणी फुलांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या त्यांना सजवायची गाडी समजावून सांगितली. त्याला नंबर सांगता आला असता. पण नंबर काय, कोणाच्याही गाडीला असतो. तो म्हणाला, पांढरी, अलॉयची चाकं, पुढे खाली दोन दिवे, आरशात इंडिकेटर, आणि मुठी गाडीच्याच रंगाच्या. अशी एकच आहे.

मुली हुशार होत्या. त्यांनी आंब्याखालच्या गाडीशी एकेक खूण पडताळून पाहिली आणि कामाला लागल्या. झेंडूच्या माळांनी छप्पर झाकलं, बिल्ला नसलेली डिकी झाकली, आणि नंबराच्या पाट्यांवर थर्माकोलचा एकेक बदाम बसवला, त्यात वर-वधूची नावं.

मी तुळशीदासकडे पाहिलं. तो मांडवाच्या छताकडे पाहत होता.

“मी काही बोललो का?” तो म्हणाला.

अक्षता पडल्या. मग बाळीआजी काठी टेकत गाडीपाशी आल्या. बाळीआजी म्हणजे वेणूच्या सासूबाई, कमलेशची आई. त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकापाशी नारळ फोडला आणि गाडीला हात जोडले.

इकडे कमलेशने सूर्यमाळच्या पाहुण्यांना गाडी दाखवायला घेतली. ती अर्धी फुलांत बुडालेली. गाडी वर आणायला त्याने मघाशी एका पोराकडे किल्ली दिली होती; पोराने सजलेली गाडी वरच उभी पाहिली आणि किल्ली तशीच परत आणून दिली, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. त्याने मूठ ओढली, ती उघडीच होती, आणि पाहुण्यांना मागच्या सीटवर आळीपाळीने बसवून मधल्या दांडीवर हात टेकायला लावला. हे सगळं कंपनी फिटिंग, तो सांगत होता. बाहेरून बसवलेलं लगेच कळतं, फक्त डोळा पाहिजे. आरशावर बसलेली धूळ त्याने स्वतःच्या रुमालाने पुसली. तुळशीदास जिलेबी खात होता. एवढ्या शांतपणे जिलेबी खाणारा माणूस मी पाहिलेला नाही.

पाठवणीची वेळ झाली. रडारड होऊन करिष्मा आणि नवरदेव गाडीपाशी आले. कमलेशने ऐटीत किल्ली काढली आणि दाबली.

खाली खळ्यापाशी एक धुळकट गाडी दोनदा लुकलुकली.

त्याने पुन्हा दाबली. ती पुन्हा लुकलुकली. आता सगळं वऱ्हाड खळ्याकडे बघायला लागलं. कमलेशने पुढच्या पाटीवरचा थर्माकोलचा बदाम उचलून खालचा नंबर वाचला, आणि बदाम हळूच जागेवर ठेवला.

“आई,” तो म्हणाला, “ही मामांची गाडी आहे. बेस मॉडेल. माळा काढाव्या लागतील.”

बाळीआजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. “मंग मघाशी पाव्हण्यांना काय सांगत व्हतास?”

कमलेशने किल्लीकडे पाहिलं.

“नारळ फोडलेली गाडी सोडून नवरी दुसरीत बसायची नाय,” आजी म्हणाल्या. “तुझीत भांडी भरा.”

निकाल लागला. तरी कमलेशने एक शेवटची खटपट केली. तो पुढच्या दारातून आत वाकला, साखरपुड्याला ज्यांच्यावरून बोट फिरवलं होतं ती मुकी बटणं शोधली आणि एक जोरात दाबलं. बटण आत गेलं. बाहेर उभ्या असलेल्या सूर्यमाळच्या पाहुण्यांच्या धोतरांवर पिवळट उजेड पडला.

कमलेश बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. “मामा, हे कंपनी फिटिंग आहे?”

“तुमचा डोळा,” तुळशीदास म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

वेणू हसली. डोळ्यांत पाणी होतंच, त्यातच हसली, आणि तिने भावाच्या हातात नारळाची अर्धी कवड ठेवली. तिला सगळं कळलं होतं. निदान धुतलीस वाटतं असं या वेळी म्हणाली नाही.

मग ती वरात निघाली. मी पुढच्या सीटवर होतो, म्हणून सांगतो: राजाची स्वारी काय जात असेल. सगळ्यांत पुढे आमची गाडी, मागे जीपा, आणि अगदी शेवटी भांडी वाजवत येणारं एक टॉप मॉडेल. जव्हारात लोक दुकानांतून बाहेर आले. गॅरेजपाशी गौतम फडक्याला हात पुसत उभा होता. त्याने गाडीला सलाम ठोकला. मोखाड्याच्या नाक्यावर तुळशीदासने वेग कमी केला. त्याचेच चष्मे लावलेली माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून त्याच्या गाडीकडे बघत होती. इतके महिने जे दिसत नव्हतं ते आज दिसत होतं. झेंडूचाही त्यात हात असेल. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात त्याने फॉग लॅम्प लावले, आणि धुक्याचा मागमूस नसलेला तो रस्ता आम्ही धुक्यातून चालल्यासारखा संथ, सावध आणि रुबाबात पार केला. खोडाळ्याच्या पुढचा चढही गाडीने एका दमात घेतला. अलॉयची चाकं वळणावळणाला चमकत होती. तुळशीदासने स्टिअरिंगवरच्या बटणाने सनई थोडी मोठी केली.

सूर्यमाळला अख्खा पाडा गाडीभोवती जमला. नवरदेवाच्या चुलत्याने बॉनेटवर हात ठेवून सांगितलं की अशी गाडी इथवर आजपर्यंत आलेली नाही, आणि कमलेश ऐकत होता. करिष्मा माप ओलांडून आत गेली. तुळशीदास गाडीला टेकून उभा राहिला. मामाचं काम झालं होतं, मान मिळाला होता, आणि कोणाला काहीही समजावून सांगावं लागलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर कारखान्यातूनच आलेलं असावं असं समाधान होतं.

थोड्या वेळाने करिष्मा एकटीच बाहेर आली. मुंडावळ्या तशाच, हातात हिरवा चुडा. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. ती थेट मामाकडे आली, गाडीकडे पुढपासून मागपर्यंत नीट पाहिलं, मागचं दार उघडून सीटवर हात फिरवला, ती किती रुंद आहे ते वितीने मोजलं. तुळशीदास सरळ उभा राहिला.

“मामा,” ती हळूच म्हणाली, “पाण्याचा टँकर आलाच नाही आज, आणि सासूबाईंना तुला सांगायला लाज वाटते. माळा काढून खालच्या विहिरीवरनं दोन ड्रम पाणी आणशील? डिकीत आडवे पडतील, इथे सीटवर उभे ठेव.”