घासलेला रोलर

कापड सुकवणाऱ्या यंत्राचे रोलर पोलादी होते आणि त्यांच्या पोटातून गरम तेल फिरे. एखाद्या रोलरला कापड गुंडाळलं गेलं की यंत्र बंद करायचं, तो निवू द्यायचा आणि मग फिटरने आत वाकून ते सोडवायचं. निवला की नाही, हे सांगणं वहिनीचं काम. फिटर तिचा सख्खा दीर, म्हणून साऱ्या खात्यात ती वहिनीच.

तिने लांबूनच मापक रोखला. रोलरमधून बाहेर पडणारी उष्णता वाचून तो आकडा दाखवी.

"अडतीस."

"इतक्यात? वहिनी, तुमचा चहासुद्धा एवढ्या लवकर निवत नाही!"

"थट्टा पुरे, भाऊजी. काढा कापड."

कापडाचं टोक चिमटीत येईना, म्हणून त्याने जाड हातमोजे उतरवले आणि तो आत वाकला. कपाळावरचा घाम रोलरवर ठिबकला. चर्रर्र झालं.

"मागे व्हा!"

त्याचा तळवा वीतभरावर थबकला होता. वहिनीने पुन्हा रोखून पाहिलं. मापक मात्र अजूनही अडतीसच सांगत होता.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाहुणे येणार म्हणून साहेबांनी कालच रोलर आरशासारखे घासून घेतले होते. वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर होता, तोवर आकडा बरोबर येई. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, समोरच्याचीच परत फेकतो. मापकाने वाचली ती बहुतेक भिंतीची, छताची आणि खुद्द तिची.

तिने हातमोजे चढवले, रोलरच्या मोकळ्या कडेवर उष्णता सोसणारी काळी पट्टी चिकटवली, जरा थांबली आणि पट्टीवर मापक रोखला. एकशे बेचाळीस.

दीर स्टुलावर बसून आपल्या तळव्याकडे बघत राहिला.

साहेबांचा निरोप आला, पाहुणे खोळंबलेत. "खोळंबू देत," ती म्हणाली.

बऱ्याच वेळाने पट्टीवर छत्तीस आले. टेकवून बघायच्या थर्मामीटरनेही तेच सांगितलं. दीर उठला, पण पुढे होईना. तो काही बोलायच्या आत तिने स्वतःचा उघडा तळवा रोलरवर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"या आता," ती म्हणाली.